टिटवीचं पिल्लू कागदावर : शिवारातल्या वहीपासून शेवटच्या रंगापर्यंत

काही वर्षांपूर्वी मी टिटवीच्या पिल्लाचं एक चित्र केलं. जलरंगात, पाव कागदावर, म्हणजे पूर्ण तावाच्या चौथ्या हिश्श्यावर. फोटो माझाच, येळ्ळूरच्या शिवारात काढलेला. ढेकळांमधे अंग चोरून बसलेलं पिल्लू, पाठीवरचा ठिपका न् ठिपका मोजता येईल असं. ज्यांच्या शेतात फोटो काढला होता त्या मामांना दाखवायला चित्र घेऊन गेलो. त्यांनी कागद आधी लांब धरला, मग जवळ आणला आणि म्हणाले, "सर, चित्र बरं झालंय, खरं पिल्लू भ्यालंय की ओ. तुम्ही लई जवळ गेलतासा न्हवं?"

(बेळगावबाहेरच्या वाचकांसाठी : आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.)

गेलो होतो. सात-आठ पावलांवर. वर टिटवी ओरडत घिरट्या घालत होती आणि खाली पिल्लू अजिबात हलत नाही म्हणून मी खूश होतो. ज्याला मी ऐटीत बसणं समजत होतो ते जीव मुठीत धरून दबणं होतं, आणि ब्रश घेऊन मी तेवढंच इमानानं उतरवलं होतं. चिखलपक्ष्यांच्या, म्हणजे उघड्या जमिनीवर, चिखलात, पाण्याकाठी चरणाऱ्या टिटवीसारख्या पक्ष्यांच्या, पिल्लांची बहुतेक चित्रं अशीच असतात हे मला नंतर दिसायला लागलं. चित्र बघून सांगता येतं, चित्रकार किती जवळ उभा होता.

तेव्हापासून मी हे काम जसं करत आलोय तसं इथं लिहितो. मुख्य उदाहरण टिटवीचं घेतलंय, कारण ती प्रत्येक शिवारात आहे. शेकाट्या (लांब पायांचा पाणपक्षी), कमळपक्षी वगैरे मंडळी शेवटी.

हंगाम आणि जागा

टिटवीची वीण ढोबळमानानं मार्च ते ऑगस्ट. घरटं म्हणजे उघड्या जमिनीवरचा उथळ खळगा, कडेनं चार खडे, सुकलेल्या लेंड्या. अंडी बहुधा चार, टोकं आत करून मांडलेली. उबवायला २८ ते ३० दिवस लागतात. पिल्लू बाहेर पडलं आणि अंग वाळलं की थोड्याच वेळात चालायला लागतं आणि आईबापाच्या मागनं शिवार पालथं घालतं. चिमणीच्या पिल्लासारखं ते घरट्यात चोच वासून पडून राहत नाही. तेव्हा 'घरटं सापडलं, आता रोज जाऊन बघू' हा हिशेब अंड्यांपुरताच.

आपल्या भागात एप्रिलचा शेवट आणि मे हे सगळ्यात सोयीचे दिवस. नांगरट झालेली असते, वळवाचा एखाददुसरा पाऊस पडून ढेकळं फुटलेली असतात आणि गवत अजून वर आलेलं नसतं. धूळवाफ पेरणीचं (पावसाआधी कोरड्यात पेरलेलं) भात वीतभर झालं की पिल्लं त्यात गडप होतात. मग तुमच्या वाट्याला फक्त हलणारी पाती.

पश्चिमेला खानापूर, कुद्रेमनी, उचगाव या अंगाला तांबडी माती आणि जांभ्याचे खडे. निपाणी-चिकोडीकडं काळी जमीन. एकाच जातीचं पिल्लू या दोन मातींवर दोन वेगळी चित्रं मागतं, ते पुढं रंगाच्या भागात येईल. पाण्याकाठची पिल्लं हवी असतील तर उन्हाळ्यात पाणी उतरलेले काठ बघा : राकसकोप, हिडकल, घटप्रभेवर धुपदाळ. धुपदाळला पक्षी अभयारण्य आहे, तिथं वनखात्याचे नियम पाळावे लागतात. धरणाच्या बांधावर कॅमेरा काढण्याआधीही विचारून घेतलेलं बरं. गोकाकच्या बाजूला मराठीत विचारून भागेलच असं नाही. 'हक्की' म्हणजे पक्षी आणि 'मरी' म्हणजे पिल्लू, एवढ्या दोन कानडी शब्दांवर आणि हातवाऱ्यांवर मी पुष्कळ काम काढलंय.

टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की त्या साली पाऊस दांडगा, असं आपल्याकडं म्हणतात. ते कितपत जुळतं ते राहू दे. पण असं सांगणारा माणूस दरसाल घरटं कुठं आहे ते बघतो, म्हणून पहिली चौकशी त्याच्याकडं करावी.

किती लांब बसायचं

टिटवी तुम्हाला अंतर स्वतःच सांगते. लांब असताना ती नुसती ताठ उभी राहून मान खालीवर झटकते. आणखी पुढं गेलात की टिट्-टि-टिव सुरू होतं. त्याच्याही पुढं गेलात की ती उडून डोक्यावर झेप घेते. झेप घेतली म्हणजे तुम्ही फार आत आलात. तिथून आल्या वाटेनंच मागं फिरायचं, आणि पाऊल टाकताना खाली बघत. दबलेलं पिल्लू पायाखाली येईपर्यंत उठत नाही.

आई ओरडतेय तोवर पिल्लू हलणार नाही. मे महिन्यात अकराच्या उन्हात, तापलेल्या ढेकळांवर, सावली धरणाऱ्या आईबापाविना ते पंधरा-वीस मिनिटं पडून राहिलं तर त्याचं काय होईल याचा अंदाज करा. टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि त्या ओल्या पोटानं अंडी, पिल्लं थंड ठेवते. आपण मधे बसलो की ती खेपही चुकते. आणखी एक म्हणजे कावळे. माणूस एका जागी वाकून काही बघतोय हे त्यांच्या लगेच ध्यानात येतं.

माझा रिवाज असा : चाळीस-पन्नास पावलांवर बांधाच्या सावलीला किंवा गाडीच्या आड बसायचं, उभं राहायचं नाही. दहा मिनिटांत टिटवी गप्प झाली नाही तर आणखी मागं. गप्प झाली, चरायला लागली, की तुमची जागा बरोबर. वेळ सकाळी साडेसहा ते साडेआठ, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. चारचाकी असेल तर उत्तम, आत बसलेल्या माणसाला पक्षी फारसं मोजत नाहीत. पिल्लू उचलून तळहातावर घेऊन फोटो काढणं, घरट्याभोवतीचं गवत बाजूला करणं, अंडी 'नीट' मांडणं, यातलं काही करायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांची अंडी आणि घरटी विस्कटणं हेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत बसतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तळहातावरचं पिल्लू चित्राच्या काहीच कामाचं नसतं. त्याच्या अंगात उभं राहण्याचा तोलच उरलेला नसतो.

वहीतलं काम

चित्रकार रवी परांजपे ज्यांच्याकडं शिकले ते के. बी. कुलकर्णी बेळगावचे. समोर बघून काढायची इथली सवय जुनी आहे. पिल्लाच्या बाबतीत ती सवय सोडून फक्त फोटोवर भिस्त ठेवली तर काय होतं ते वर सांगितलंच.

सामान थोडकं : हातात मावेल एवढी वही, २बी पेन्सिल, ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण. खोडरबर घरी ठेवा. सुरुवातीला दुर्बिणीतून बघायचं आणि मग वहीत बघून काढायचं यात पिल्लू निघून जातं, चिडचिड होते. त्यावर तोडगा म्हणजे पिल्लाची चाल ओळखणं. टिटवी आणि चिखल्या (टिटवीचाच लहान भाऊबंद) यांची चाल धाव, थांब, टोच अशी असते. पाच-सहा पावलं धावायचं, ताठ थांबायचं, बघायचं, मग झुकून टिपायचं. काढायचं ते 'थांब'च्या क्षणी. क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो, पण तो परत परत येतो.

एका पानावर एकदम पाच चित्रं सुरू करा. एक ताठ उभं, एक झुकलेलं, एक मागून दिसणारं, एक बसलेलं, एक खाजवणारं. प्रत्येकाच्या तीनच रेघा : पाठ, पाय, चोचीची दिशा. पिल्लू त्या ठेवणीत परत आलं की त्या चित्रात आणखी दोन रेघा. तासाभरात पाचही थोडी थोडी भरतात. एकच चित्र पुरं करायच्या मागं लागाल तर निम्मं चित्र आठवणीतून होतं, आणि आठवण नेहमी चिमणी काढते.

रंग जाग्यावर भरू नका, शब्दांत लिहा. माझ्या वहीतली एक नोंद : 'सकाळ ७.१०. डाव्या बाजूनं ऊन. पाठ वाळल्या गवतासारखी, पोट पांढरं नाही, खालून तांबूस. मानेमागं पांढरा पट्टा, लांबून दिसतं ते तेवढंच. शेजारचं ढेकूळ पिल्लाच्या दीडपट.' ढेकळाचं माप फार उपयोगी पडतं, नाहीतर घरी आल्यावर पिल्लू कोंबडीएवढं होतं.

एकदा सकाळी गार वारं सुटलं होतं. टिटवी शेताच्या मधोमध जरा फुगून उभी होती आणि तिचं काहीतरी बिनसलंय असं वाटत होतं. दुर्बीण लावली तर तिला दहा पाय. दोन पिवळे, लांब. बाकीचे आठ काड्यांसारखे, पोटाखालून लोंबणारे. चारही पिल्लं उबेला आत घुसलेली. मधेच एक काडीची जोडी मागं सरकली, पिसांतून एक डोकं बाहेर आलं, इकडंतिकडं बघून परत आत गेलं. त्याचं मी पूर्ण चित्र कधी केलं नाही. पण पिल्लाचे पाय अंगाला कुठं चिकटलेले असतात हे मला त्या आठ काड्यांनी शिकवलं.

अंगकाठी : अंड्यापासून सुरू करा

टिटवीचं अंडं साधारण चार सेंटिमीटर लांब. पहिल्या दिवसाचं पिल्लू त्यात मावत होतं हे डोक्यात ठेवलं की अर्धं रेखाटन सोपं होतं. अंगासाठी एक अंडाकार काढा, मागं जरा निमुळता. त्यावर, अगदी जवळ, डोक्याचा गोल. मान जवळजवळ नाहीच असं समजा. पिल्लू ताठ होतं तेव्हा ती एकदम बाहेर येते, एरवी लवेत बुडालेली असते. शेपूट म्हणजे लवेचा एक झुपका. पंख म्हणजे अंगालगत एक बोटभरही नसलेला चिमटा. नवशिके हटकून पंख मोठे काढतात, कारण पक्षी म्हटला की हाताला पंखाची सवय असते.

आता पाय. चिखलपक्ष्यांच्या पिल्लाचा सगळा जोर पायांत असतो, कारण पहिल्याच दिवशी त्याला पळायचं आहे. उडायला अजून महिना तरी आहे. म्हणून पाय अंगाच्या मानानं मोठे, सांधे ठसठशीत. जो सांधा मागं वळलेला दिसतो आणि ज्याला आपण गुडघा म्हणतो तो घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या लवेत लपलेला, पुढं वळणारा. हे एकदा पटलं की पाय अंगाच्या मागच्या टोकाला चिकटवण्याची चूक होत नाही. तोल बघायचा असेल तर पावलापासून वर एक उभी रेघ काढा. पिल्लू एका पायावर स्थिर असेल तर अंडाकाराचा मध्य त्या रेघेच्या आसपास यायला हवा. येत नसेल तर तुमचं पिल्लू पडतंय.

सांधा पेन्सिलीनं नुसता वाकवू नका, जाडसर गाठ दाखवा. बांबूच्या पेरासारखी. पायाची नळी वरून खाली एकसारखी जाड नसते. गाठीपाशी रुंद, मधे बारीक, पावलापाशी परत किंचित रुंद. एवढ्यानं पाय काडेपेटीतल्या काडीचा न राहता हाडाचा होतो.

चोच आखूड, गडद. अगदी ताज्या पिल्लाच्या चोचीच्या टोकाला पांढरा कण असतो. त्यानं आतून अंडं फोडलेलं असतं, काही दिवसांत तो गळतो. तो काढला तर पिल्लाचं वय ठरलं, मग बाकी अंगही त्याच वयाचं हवं. डोळे मोठे, कारण हे पक्षी बघून टिपणारे आहेत. मोठ्या टिटवीच्या डोळ्यापुढची लाल झालर पिल्लाला नसते. छाती काळीभोर नसते, तिथं गडद पट्टा असतो. कपाळ-टाळू करडी-तपकिरी, काळे ठिपके, टाळूच्या मागच्या कडेला काळी किनार आणि तिच्याखाली तो पांढरा पट्टा.

मोठ्या पिल्लांत आणखी एक गंमत. खांद्यावर खरी पिसं येतात तेव्हा मानेवर, शेपटीकडं लव शिल्लक असते, काही पिसांच्या टोकांनाही लवेचे तंतू लटकत राहतात. दाढी अर्धवट केल्यासारखं रूप. हे वय चित्रात फार कमी दिसतं. मला वाटतं लोकांना ते गोड वाटत नाही म्हणून. मला तेच जास्त आवडतं.

फोटोचा उपयोग

फोटो लागतोच. पावलाची नखं, चोचीतली नाकपुडी, ठिपक्यांच्या रांगा, हे वहीत येत नाही. प्रश्न इतकाच की फोटोकडून काय मागायचं.

ठेवण फोटोतून घेऊ नका, वहीतून घ्या. फोटो सेकंदाच्या हजाराव्या भागाचा असतो, त्यात पाऊल अशा जागी अडकलेलं असतं की डोळ्याला ते कधी दिसलेलंच नसतं. फोटोत खरं असलं तरी चित्रात ते लंगडं दिसतं.

दुसरं, भिंगाची लबाडी. लांब पल्ल्याचं भिंग खोली चेपतं. समोर तोंड करून उभं पिल्लू चपटं, पोस्टाच्या तिकिटासारखं दिसतं. उलट मोबाईल जवळ नेला तर डोकं भोपळ्याएवढं. उभ्यानं काढला तर पाय आखूड आणि पाठच पाठ. म्हणून कॅमेरा पिल्लाच्या डोळ्याच्या उंचीला आणा, म्हणजे जवळजवळ जमिनीला टेकवा. बांधाखालच्या चरात बसलं की हे आपोआप होतं.

तिसरं, रंग. आपोआप रंग जुळवणारा कॅमेरा तांबड्या मातीला हमखास फसतो, माती विटकरी आणि पिल्लू निळसर होतं. वहीतली शब्दांची नोंद इथं उपयोगी पडते. पांढरं पोट जळू नये म्हणून प्रकाश थोडा कमी ठेवून फोटो काढा. घरी त्याच फोटोची एक काळीपांढरी प्रत करा आणि डोळे बारीक करून बघा. पिल्लू मातीत मिसळून गेलं तर घाबरू नका. तसंच असतं.

दुसऱ्याचा फोटो वापरायचा तर विचारून, आणि एकच फोटो तसाच उतरवायचा नाही. माझी पद्धत : वहीतली एक ठेवण, स्वतःचे तीन-चार फोटो, आणि ढेकळांचे, काडीकचऱ्याचे वेगळे फोटो. पिल्लाच्या मागं लागून लोक माती टिपायची विसरतात आणि मग चित्रातली जमीन खादीच्या पिशवीसारखी निघते.

शेवटी, फोटोत आई ओरडत होती का ते आठवा. पिल्लू जमिनीला चिकटलेलं, मान आत, डोळा मोठा, तर तो फोटो बाजूला ठेवा. भीतीचंच चित्र करायचं असेल तर खुशाल करा, पण तसं ठरवून.

मांडणी आणि रेखाटन

पिल्लू कागदाच्या मानानं लहान ठेवा. पाव कागदावर माझं पिल्लू बोटभर, फार तर दीड बोट. बाकी माती, उजेड, मोकळी जागा. ते ज्या बाजूला बघतं तिकडं जास्त जागा सोडा. भ्यालेल्या पिल्लानंतर वर्षभरानं मी दुसरं चित्र त्याच मामांकडं नेलं, चालताना थांबून उजवीकडं बघणारं पिल्लू. त्यांनी बघितलं आणि विचारलं, "आई कुठं हाय ह्याची?" मी आई काढली नव्हती. पण त्यांची नजर चौकटीच्या उजव्या कडेबाहेर गेली होती, आणि मला तेवढं पुरलं.

रेखाटन आधी साध्या कागदावर पक्कं करा, मग मागून पेन्सिल घासून किंवा खिडकीच्या काचेवर धरून चित्राच्या कागदावर उतरवा. चांगल्या कागदावर खोडाखोड झाली की त्याची साल निघते आणि रंग तिथं डाग धरतो. कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड), किंचित खरबरीत पोताचा घ्या; बेळगावच्या खडेबाजारात मिळतो, फक्त घेताना उजेडात तिरका धरून घडीच्या खुणा बघा. फळीला चारी बाजूंनी चिकटपट्टी.

रंग

पाच-सहा नळ्यांत सगळं भागतं : पिवळा गेरू म्हणजे यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, लाइट रेड, आणि शेवटच्या दोन ठिपक्यांना पांढरा पोस्टर कलर. काळी नळी लागत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो काळा होतो तो हवा तेव्हा निळ्याकडं, हवा तेव्हा तांबड्याकडं झुकवता येतो. गोल ब्रश २, ६ आणि १० नंबरचे, आणि पायांसाठी लांब केसांचा बारीक ब्रश.

पहिला हात जमिनीचा, पिल्लाचा नव्हे. सगळा कागद स्वच्छ पाण्यानं ओला करा. पोट, मानेचा पट्टा आणि चोचीजवळची जागा तेवढी कोरडी सोडा. तांबड्या मातीसाठी बर्न्ट सिएना आणि लाइट रेड पातळ, सावलीच्या बाजूला अल्ट्रामरीन सोडा. ओल्यात ओलं मिसळू द्या आणि हात मागं घ्या. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि मातीचा पोत फुकटात मिळतो. काळ्या जमिनीसाठी अल्ट्रामरीन, बर्न्ट अंबर, आणि ऊन पडतं तिथं किंचित गेरू. काळी माती उन्हात करडी असते, काळी नसते.

हा रंग पिल्लाच्या पाठीवरूनही जाऊ द्या. घाबरू नका. पाठ आणि माती एकाच पाण्यातून आली की पिल्लू त्या शेतातलं वाटतं, वरून चिकटवलेलं वाटत नाही.

पूर्ण वाळल्यावर पाठीसाठी गेरू आणि अंबरचा पातळ हात, कडेला ओल्या ब्रशानं रेघ विरघळवत. लवेला कड नसते. खऱ्या पिसांसारखे तिचे तंतू एकमेकांत अडकलेले नसतात, मोकळे असतात, म्हणून कडेला उजेड झिरपतो. बाहेरची रेघ सलग काढलीत की पिल्लू मातीचं खेळणं होतं. चार जागी कड हरवू द्या, दोन जागी ठाम ठेवा : डोक्याची मागची बाजू आणि छातीचा उतार, बहुधा.

आता पोट, म्हणजे चित्रातली सगळ्यात नाजूक जागा. पाठ गडद आणि पोट फिकं ही रंगाची ठेवण लपण्यासाठी आहे. वरून ऊन पडतं, पोट सावलीत जातं, दोन्ही एका पातळीवर येतात आणि गोलाई नाहीशी होते. निसर्गानं मुद्दाम पुसलेली गोलाई चित्रकारानं परत उठवायची, पण बेतानं. माझा उपाय म्हणजे पोटाच्या सावलीत जमिनीचा रंग. तांबड्या मातीवर ऊन असेल तर पोट खालून गुलाबीसर उजळतं. तिथं लाइट रेडचं निव्वळ पाणी द्या. काळ्या जमिनीवर हेच पोट थंड, राखी. याच्या उलट पाठीवरच्या लवेला आभाळाची किंचित निळाई. एवढ्या दोन पाण्यांनी पिल्लू गोल होतं, आणि ठिपक्यांनी ते कधीच गोल होत नाही.

ठिपके यानंतर. सगळे काढू नका. प्रकाशाकडच्या बाजूला विखुरलेले, फिके. सावलीकडं एकमेकांत मिसळलेले. ब्रश जवळजवळ कोरडा करून, लवेच्या वळणानं. मी पहिल्या चित्रात प्रत्येक ठिपका मोजून काढला होता, त्यामुळं पाठ वाळत घातलेल्या छापील साडीसारखी दिसत होती.

पायांना एकदा हात लावला की परत लावायचा नाही. बारीक ब्रश, पुरेसा ओला, वरून खाली एका दमात, गाठीपाशी जरा दाबून. रंग पिवळट-करडा. मोठ्या टिटवीचा भडक पिवळा इथं देऊ नका. पावलाखाली सावलीचा लहानसा गडद ठिपका दिला नाही तर पिल्लू हवेत तरंगतं.

डोळा सर्वात शेवटी, आणि त्या दिवशी चहा झाल्यावर. गडद गोल, आत पूर्ण काळा नाही. खालच्या अर्ध्या भागात अंबरची किंचित उब. चमक वरच्या बाजूला, सूर्याच्या दिशेला, एकच. ती पांढऱ्या रंगानं द्यायची असेल तर टाचणीच्या टोकाएवढी. चमक मोठी झाली की पिल्लू लगेच भेटकार्डावर जाऊन बसतं. आणि मामांचं ऐकायचं तर डोळ्याभोवती सगळीकडं पांढरी कड दाखवू नका, भ्यालेपण तिथूनच सुरू होतं.

शेकाट्या, कमळपक्षी आणि झाडावरची मंडळी

शेकाट्याचं पिल्लू टिटवीपेक्षा सोपं वाटतं आणि अवघड निघतं. चाल थांबत-थांबत नसते, ते पाण्यातून सलग चालत राहतं, म्हणून वहीत 'थांब'चा क्षण मिळत नाही. त्याऐवजी वळण्याचा क्षण पकडा. मोठ्याचे पाय लालगुलाबी, पिल्लाचे करडे. मागचं बोट नाही, पुढची तीनच. पाण्यात उभं असेल तर पायाचं प्रतिबिंब पायाला जिथं भेटतं ती जागा तुटता कामा नये. प्रतिबिंब पायापेक्षा किंचित गडद आणि मऊ. पिल्लू पाण्यातही पोटापर्यंत शिरतं, तेव्हा पाय काढायचा मोह आवरा, दिसत नाही ते काढू नका.

गावतळ्यात कमळ, शिंगाडा असेल तर कांस्यपंखी कमळपक्षी बघा. तिथं अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं सगळं बापाकडं. धोका वाटला की तो पिल्लांना पंखांखाली घेऊन चालू लागतो, आणि बाहेर लांबलचक बोटं लोंबतात. बोटं अंगापेक्षा मोठी वाटतील, तशीच काढा. बघणारा चूक काढेल, काढू द्या.

बगळे, ढोकरी, रातबगळे यांची गोष्ट निराळी. त्यांची पिल्लं झाडावरच्या काड्यांच्या घरट्यात, असहाय जन्मतात. विरळ लव, मोठी चोच, डोक्यावर उभे राहिलेले केस. वर मांडलेलं 'अंडं आणि काड्या' हे गणित तिथं लागू होत नाही, मानेपासून सुरुवात करावी लागते. खालून बघताना फांदीआडून दिसेल तेवढंच काढा, आणि झाडाखाली टोपी घालून उभे राहा.

पावसाळ्यातला कागद

आपल्याकडं जूननंतर रंग वाळत नाही ही खरी अडचण. जुलैत पहिला हात वाळायला दोन-दोन तास जातात, घाई करून दुसरा दिलात की चिखल होतो. केस वाळवायचं यंत्र लांबून, थंड हवेवर. कोरा कागद प्लॅस्टिकमधे गुंडाळून लोखंडी कपाटात उभा ठेवा. भिंतीला टेकवून ठेवलेल्या माझ्या एका गठ्ठ्याला ऑगस्टअखेर पिवळे ठिपके आले होते. रंग दिल्यावरच ते दिसतात, कागद तिथं पाणी शोषतो. चौकट करताना काच चित्राला टेकू देऊ नका, मधे पुठ्ठ्याची जाड किनार घाला, आणि चित्र बाहेरच्या भिंतीवर टांगू नका.

मे महिन्यातल्या वह्या मी याच दिवसांत उघडतो. शिवारात पाणी तुंबलेलं असतं आणि टिटवी रात्री कुठंतरी ओरडत जाते. घरातले म्हणतात अशुभ. मी खिडकी उघडून अंदाज घेतो, कुठल्या अंगाला गेली.